चोवीस कोपरे आणि लोधीखेड्याची बकरी

आमचं क्वार्टर सौंसरच्या रुळांपासून इतकं जवळ होतं की नॅरोगेजची छोटी गाडी गेली की मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि आई त्यांच्यावर पालथा हात ठेवायची, रडत्या लेकराला थोपटल्यासारखा. बाबा रेल्वेत गँगमन होते. सकाळी लवकर घण खांद्यावर टाकून निघायचे, आणि वारा आमच्याकडे असला की रुळावर पडणारा त्यांचा घण घरात बसून ऐकू यायचा. पलीकडे कापसाच्या जिनिंगचा भोंगा होता. तो वाजला की आईला कळायचं, आता वेचणीच्या बाया नाक्यावर जमल्या असतील. ती पदर खोचून निघायची आणि जाताजाता मला सांगायची, "बेबे, भाकरी जाड नको टाकू, तुह्या बाबाच्या दाढा दुखून राहिल्या." मग दिवसभर घर माझं. चूल, पाणी, झाडलोट, अंगणात वाळत घातलेली अंबाडीची भाजी, आणि मी.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. घरी भाकरी टाकायला कोणी हवं होतं हे खरं, पण मला तेव्हा सुटका झाल्यासारखंच वाटलं होतं. शाळेत मास्तर नाव घ्यायचे तेव्हा माझ्या गळ्यातून आवाज निघत नसे. दुकानात गेले तर दुकानदार विचारीपर्यंत मी खांबाशी उभी. एकदा त्यानं चहापत्तीऐवजी खायचा चुना बांधून दिला, तर मी तोच घेऊन घरी आले. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "बाप्पा, आता चुन्याचा चहा पिऊ का?" आजही सून म्हणते, आई तुम्ही फोनवर नुसत्या हं-हं करता. हे पांढुर्ण्याच्या घरात बसून मी लिहिते आहे तेसुद्धा दुपारी, सगळे बाहेर गेल्यावर. तोंडानं सांगायला लागले तर कोणी ना कोणी मध्येच हसेल, आणि मी थांबेन. आयुष्यात एकदाच मी थांबले नव्हते. ते लिहायचं आहे.

माझी थोरली बहीण सुनंदाताई माझ्या अगदी उलट. ती नागपूरला एम. एस्सी.ला होती, गणितात. आमच्या वस्तीतून तिकडं गेलेली ती पहिलीच मुलगी. सुट्टीत आली की घर तिच्या बोलण्यानं भरून जायचं. बाबा जेवताना तिला म्हणायचे, "सांग, काय शिकून राहिली आता," आणि ती जे सांगेल त्यावर मान डोलवायचे, कळो न कळो. पण त्या वर्षी संक्रांतीला ती आली ती गप्प. तिळाचा लाडू हातात तसाच. आईनं दोनदा विचारल्यावर म्हणाली, "माझं भाषण फसलं."

झालं होतं ते असं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला एक विषय घेऊन वर्गापुढं बोलावं लागे. ताईनं जो विषय घेतला होता तो म्हणजे चार दिशांच्या जगातल्या आकृती. तिनं फळ्यावर रेघांवर रेघा काढल्या आणि मागून एक मुलगा म्हणाला, हे तर सुगरणीचं घरटं दिसतंय. वर्ग हसला. तिचे सर हसले नाहीत. पण नंतर बोलावून म्हणाले, "तुम्हाला समजलंय, मला समजलंय, याचा काय उपयोग? ऐकणाऱ्यांना दिसलं पाहिजे. महिन्यानं पुन्हा बोला. तेव्हाही नाही जमलं तर विषय बदलू." विषय बदलायचा म्हणजे आणखी एक वर्ष. आणि बाबांनी तिला नागपूरला पाठवताना चार माणसांसमोर सांगितलं होतं की इतकी वर्षं शिकवीन, त्याच्यापुढं माझ्यानं होणार नाही. बाबांचा शब्द म्हणजे रूळ. इकडं-तिकडं सरकत नसे. म्हणजे महिन्यानं जमलं नाही तर ताई कायमची घरी येणार होती.

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "चौथी दिशा कोणती वं पण?"

"तेच तं दाखवता येत नाई, बाबा. मागं-पुढं एक, डावी-उजवी दोन, वर-खाली तीन. त्याच्यावर आणखी एक."

"सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा, नागपूर. झाल्या चार," बाबा म्हणाले. आई हसली, मी हसले, शेवटी ताईपण हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवसांत मी रिकाम्या वेळात वस्तीतल्या पोरांना धांड्याच्या गाड्या करून द्यायची. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला हे येतं. ज्वारीचा वाळलेला धांडा घ्यायचा, त्याची कडक साल नखानं सोलून तिच्या काड्या करायच्या, आणि आत जो पांढरा, हलका भेंड असतो त्याचे तुकडे पाडायचे. काडी भेंडात खुपसली की घट्ट बसते. चाक, जू, दांडी, बैलाची शिंगं, सगळं त्यातच होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी ओसरीत बसून अशीच एक गाडी करत होते, तर ताई येऊन समोर बसली आणि माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बेबे, याचा एक डबा करशील? आठ कोपऱ्यांचा, सगळ्या काड्या एका मापाच्या."

मी करून दिला. काय मोठं काम होतं?

संध्याकाळी लाईट गेले आणि आईनं चिमणी लावून फळीवर ठेवली. ताईनं तो डबा चिमणीपुढं धरला. चुन्याच्या भिंतीवर त्याची सावली पडली: एक मोठा चौकोन, त्याच्या आत एक लहान चौकोन, आणि कोपऱ्याला कोपरा जोडणाऱ्या चार तिरप्या रेघा. "पाह्य," ती म्हणाली, "डब्याच्या सगळ्या बाजू सारख्या, तुह्याच हातानं केल्या तू. पण सावलीत एक मोठी दिसते, एक लहान. एक बाहेर, एक आत. खरं आत-बाहेर काही आहे का?"

मी मान हलवली. नाही.

"जवळचं मोठं दिसून राहिलं, एवढंच. आता समज, डब्याची सावली जशी भिंतीवर सपाट पडते, तशी चार दिशांच्या वस्तूची सावली आपल्या जगात पडली. ती सपाट नाई राहणार. ती हातात धरता येईल. काड्यांनी करता येईल."

मला त्या क्षणी जे वाटलं ते मी कोणाला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, भिंतीपलीकडं कोणीतरी उभं आहे आणि हळूच दार वाजवून राहिलं आहे.

मग आमचं काम सुरू झालं. ताईची सुट्टी संपली, पण दर रविवारी ती छोट्या गाडीनं यायची आणि संध्याकाळी परत जायची. बाबांच्या पासावर तिकीट लागत नसे. आधी सोप्या आकृती. एक होती ती त्रिकोण आणि चौकोन मिसळून केलेली, बारा कोपऱ्यांची. कुठलाही कोपरा धरा, तिथं दोन त्रिकोण आणि दोन चौकोन, एकाआड एक. ताई म्हणाली, या घराण्याच्या आकृतींचा नियमच तो आहे. कोणताही कोपरा वर करून धरला तरी बाकीचं सगळं तसंच दिसलं पाहिजे. बाबा बाजेवर बसून विडी ओढत होते. त्यांनी ती आकृती मागून घेतली, जाड बोटांत अलगद फिरवली.

"मंग याच्यात मोठा कोपरा कोणता?"

"कोणताच नाई."

"खालचा?"

"तुम्ही जो खाली धरसाल तो. पण तोबी बाकीच्यासारखाच."

बाबांनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या साहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, परत हातातल्या काड्यांकडे पाहिलं. "मंग हे आपल्या कामाचं हाय," ते म्हणाले. त्यानंतर ते स्वतः कामावरून येताना शेतकऱ्यांकडून निवडक धांडे मागून आणू लागले, लांब पेरांचे, कीड न लागलेले. लोक विचारायचे, गँगमननं गाय घेतली का? बाबा सांगायचे, "नाई, पोरीचं कॉलेज चालून राहिलं त्याच्यावर."

ताईला वर्गापुढं जी मुख्य आकृती न्यायची होती ती चोवीस कोपऱ्यांची. ती म्हणाली होती की चार दिशांच्या जगातल्या नियमबद्ध आकृतींमध्ये ही एकटी अशी आहे की आपल्या तीन दिशांच्या जगात तिच्या जोडीचं कोणी नाही. बाकीच्यांच्या कोणी ना कोणी धाकट्या बहिणी इथं सापडतात, हिची नाही. मला ती आकृती लगेच आवडली. एकटी आणि बुजरी, समोर यायला तयार नसलेली. तिची सावली आम्ही अशी केली: सगळ्यांत आत एक लहान सहा कोपऱ्यांची, तिच्याभोवती ती बारा कोपऱ्यांची, आणि सगळ्यांत बाहेर पुन्हा सहा कोपऱ्यांची, हातभर मोठी. पाच मापांच्या काड्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक कोपऱ्याला आठ काड्या. आतल्याला आठ, मधल्याला आठ, बाहेरच्याला आठ. कुठं सात भरल्या की समजायचं, चुकलं. भेंडाच्या एका तुकड्यात आठ काड्या बसवायच्या म्हणजे हात फार हलका लागतो. पहिल्या दोन वेळा फुटली. तिसऱ्या वेळी उभी राहिली. आईनं वेचणीवरून आल्या आल्या दारातूनच पाहिलं आणि चपला काढायच्या विसरली.

नागपूरला जायचं म्हणून मी तिला जरा नटवली. एरवी धांड्याच्या गाडीला कोणी खळ लावत नाही. पण मला वाटलं, शहरातले लोक पाहतील, एखादा भेंड सुटला तर? म्हणून गव्हाच्या पिठाची खळ केली आणि तिला कीड लागू नये म्हणून त्यात मेथ्या भिजवून वाटून घातल्या, आईच्या रीतीनं. प्रत्येक जोडावर बोटानं लावली. सगळ्या ओसरीत मेथीचा वास.

भाषणाच्या आदल्या दिवशी ताई मला न्यायला आली. आकृती तिच्यानं सांभाळली जाणार नाही, फुटली तर बसवणार कोण, असं तिनं बाबांना पटवलं होतं. सकाळी आईनं भाकरी, ठेचा आणि चार संत्री बांधून दिली. आकृती आम्ही आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या झोळीत ठेवली आणि डब्यात खिडकीच्या दांडीला झोळी टांगली, गाडी हलली तरी आकृतीला धक्का लागू नये म्हणून. बाबा फलाटावर उभे होते. कामाचे कपडे, घण भिंतीला टेकवलेला. गाडी सुटताना फक्त झोळीकडे बोट दाखवून हात हलवला, म्हणजे जपा.

लोधीखेड्याला एक म्हातारी चढली, हातात दोरी, दोरीला काळी बकरी, काखेत कडब्याची लहानशी पेंडी. सावनेरच्या बाजारात बकरी विकायला चालली होती. तिच्यामागं एक न्हावी, पेटी घेऊन. म्हातारी आमच्या समोर बसली, बकरी तिच्या पायाशी. छोटी गाडी म्हणजे पाळणाच, आणि आम्ही दोघी पहाटेपासून जागलेल्या. ताईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, माझं खिडकीला टेकलं.

जाग आली ती कुरकुर आवाजानं. सावकाश, समाधानी कुरकुर. मी डोळे उघडले तर बकरीनं पुढचे दोन पाय बाकावर ठेवले होते, तोंड झोळीत होतं आणि तिच्या तोंडातून हातभर लांबीची काडी आडवी बाहेर आलेली होती. ती काडी आत आत जात होती.

ताई किंचाळली. म्हातारी जागी झाली, बकरीच्या पाठीत धपाटा घातला, दोरी ओढली. आम्ही झोळी उघडली. आतली सहाची वाचली होती. मधली बाराची, एका बाजूनं चाटलेली पण वाचली होती. बाहेरचे सहाही कोपरे गेले होते. लांब काड्या, तिरप्या काड्या, भेंड, सगळं.

म्हातारीनं झोळीत वाकून पाहिलं, वास घेतला. "हे काय हाय माय? जवारीचा धांडा. गव्हाची खळ. अन् मेथी?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "पोरी, तू तं बकरीचं जेवनच बांधून आनलं! वरून फोडनीबी देल्ली!"

डब्यातले लोक हसले. ताईनं दोन्ही हातांत तोंड धरलं. "पुढच्या ठेसनवर उतरू," ती म्हणाली. "परतीच्या गाडीनं घरी जाऊ. झालं माझं." तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो माझा आवाज होता. दुकानातल्या खांबाशी उभ्या असलेल्या माणसाचा, चुना घेऊन घरी जाणाऱ्याचा.

आणि मला तिचा नाही, त्या आवाजाचा राग आला. मी उभी राहिले. गाडी हलत होती, मी खिडकीची दांडी धरली. मी म्हातारीच्या काखेतल्या पेंडीकडं बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आजी, ते कडब्याची पेंडी द्या मले."

डब्यातले हसणारे वळून पाहू लागले. ताईनं तोंडावरचे हात काढले.

म्हातारीनं पेंडीकडं पाहिलं, बकरीकडं पाहिलं. "घे. हिच्याचसाठी आनली होती. हिचं पोट तं भरलं."

"आता चाकू पाहिजे," मी म्हणाले. आवाज पुन्हा निघाला. मलाच नवल वाटलं. "कोणाजवळ हाय का?"

न्हाव्यानं पेटी उघडली. "वस्तरा हाय, बाई. पण धांडा कापून धार गेली तं सावनेरच्या पाटलाची दाढी कशी करू?"

"दाढी राहू द्या आजच्या दिवस," म्हातारी म्हणाली. "पाटील काय पळून चालला का? पोरीच्या बहिनीचं कॉलेज हाय."

मग मी जे केलं ते आठवलं की आजही एकटीच हसते. मी भर डब्यात लोकांना कामं लावली. न्हाव्यानं वस्तऱ्यानं साल सोलायची, इतकी सफाईदार की माझ्या नखानं कधी झाली नसती. ताईनं मधल्या बाराच्या काड्यांवरून हिशोब करून मापं घ्यायची. दोघा-तिघांनी भेंडाचे तुकडे पाडायचे. म्हातारीच्या पदरात तयार काड्या, लांब एकीकडं, तिरप्या एकीकडं. "आजी, मिसळू नका." "नाई मिसळत वं, मी का बकरी हाय?" मी बाकावर मांडी घालून आकृती मांडीत घेतली आणि बाहेरचा एकेक कोपरा उभा करत गेले. प्रत्येकाला चार तिरप्या मधल्या कोपऱ्यांकडं, चार लांब शेजाऱ्यांकडं. खळ नाही, मेथी नाही. नुसता भेंड आणि काडी, जशी गाडी करतात तशी.

पहिला कोपरा पूर्ण झाला तेव्हा म्हातारीनं त्याच्यावर बोट ठेवून मोजलं. "आठ." मग तिला मोजायची सवयच लागली. आतल्यावर बोट घातलं, "हाबी आठ." दुसरा बाहेरचा पुरा झाला, "इथंबी आठ! काय वं, कोनत्याबी कोपऱ्याले धरलं तं आठच?"

"व्हय आजी. तसंच असते त्याचं."

"मंग भांडनच नाई," म्हातारी म्हणाली.

सावनेरला ती उतरली. बकरीला ओढत फलाटावरून ओरडली, "नीट सांगजो वं तिथं! बकरीचं नाव नको सांगू!" न्हावी मात्र सावनेरला उतरलाच नाही. म्हणाला, पाटलाची दाढी उद्या. शेवटच्या कोपऱ्यात शेवटची काडी गेली तेव्हा बाहेर नागपूरची घरं सुरू झाली होती. न्हाव्यानं वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि आकृतीला नमस्कार केला. चेष्टेनं नाही.

वर्ग मोठा होता, पायऱ्यांसारखे बाक. मी दाराजवळ शेवटच्या बाकावर झोळी मांडीत घेऊन बसले. ठरलं असं होतं की ताई बोलेल, बोलावेल तेव्हा मी आकृती टेबलावर नेऊन ठेवायची आणि परत यायची. बोलायचं काही नव्हतं. ताईनं सुरुवात चांगली केली. मग मी आकृती नेऊन ठेवली, परत येऊन बसले. वर्गात कुजबुज झाली, माना पुढं आल्या. सर पहिल्या बाकावर, हनुवटी हातावर टेकून. तेवढ्यात तोच घरट्याचा मुलगा उभा राहिला. वाईट मुलगा नव्हता तो, त्याला खरंच कळत नव्हतं. म्हणाला, "तुम्ही म्हणता सगळे कोपरे सारखे. पण हा आतला इवलासा आहे, आणि बाहेरचा केवढा मोठा. मग सारखे कसे?"

ताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सवयीनं फळ्याकडं वळली. खडू घेतला. आकडे लिहायला लागली, कंसात चार-चार आकडे. मी वर्गाकडं पाहिलं. डोळे विझत चालले होते, एकेक करून, चिमणीतलं तेल संपावं तसे. सरांनी घड्याळाकडं पाहिलं. आणि मला बाबा दिसले, फलाटावर, झोळीकडं बोट दाखवणारे.

मी उठले. पायऱ्या उतरून खाली गेले, टेबलावरची आकृती उचलली आणि त्या मुलासमोर नेऊन धरली. "कोणताही एक कोपरा धरा," मी म्हणाले. "हात लावा. काड्या मोजा."

तो गोंधळला. मग त्यानं आतल्या इवल्या कोपऱ्याला बोट लावलं. "आठ."

त्याच्या शेजारच्या मुलीनं बाहेरचा धरला. "आठ." मी पुढच्या बाकावर गेले. "आठ." त्याच्या मागं. "आठ." आता लोक स्वतः उठून येऊ लागले, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून, कोणी मधला, कोणी वरचा, कोणी एकदम आडवळणाचा शोधून काढलेला, इथं तरी चूक सापडेल म्हणून. आठ, आठ, आठ. कोणी तरी मोठ्यानं म्हटलं, मग सगळेच मोठ्यानं म्हणू लागले, आणि तो हॉल आमच्या जिनिंगसारखा घुमायला लागला. शेवटी मी सरांपुढं गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक कोपरा चिमटीत धरला, पोरासारखी बोटं दुमडत मोजलं आणि म्हणाले, "आठ."

तोवर ताईला सूर सापडला होता. खडू टाकून तिनं पिशवीतून तो संक्रांतीचा डबा काढला, एकाला बॅटरी धरायला लावली, खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीवर डब्याची सावली पाडली. मोठा चौकोन, आत लहान चौकोन. "सावलीत जवळचं मोठं दिसतं," ती म्हणाली. तोच आवाज, घरी जेवताना बाबांशी बोलते तो. "ही चोवीस कोपऱ्यांची जी तुम्ही मोजलीत, तीही सावलीच आहे. खऱ्या वस्तूत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. कोणताही कोपरा दुसऱ्याच्या जागी नेऊन ठेवा, वस्तूला पत्ता लागणार नाही."

घरट्याचा मुलगा अंधारात म्हणाला, "म्हणजे आम्ही आता सावली हातात धरली होती?"

"हो," ताई म्हणाली.

कोणी हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या.

खिडक्या उघडल्यावर सर ताईला म्हणाले, "विषय बदलायचं आता नाव काढू नका. उद्यापासून हाच लिहायला घ्या. आणि हे संपल्यावर पुढंही माझ्याकडेच करा." मग माझ्याकडं वळले. "आपण केलंत हे? कशाचं आहे?"

"कडब्याचं," मी म्हणाले.

"विभागात ठेवायला आणखी करून द्याल?"

"तिथं बकरी नसली तं करीन."

अख्खा हॉल हसला, सर सगळ्यांत जास्त. आणि मी थांबले नाही. बकरी कुठून आली ते मी त्यांना सांगितलं: लोधीखेडा, मेथी, न्हाव्याचा वस्तरा, सगळं. म्हातारीनं बकरीचं नाव सांगू नको म्हटलं होतं, तेवढं ऐकलं नाही.

माझ्या नातीनं परवा फोनवर मला तीच आकृती दाखवली. ती गरगर फिरत होती, आतली बाहेर येत होती, बाहेरची आत जात होती, एकदाही न तुटता. "आजी, पाहा, किती कठीण असतं हे," ती म्हणाली. मी हं म्हटलं. मी मोजत होते.

त्या दिवशी परतीच्या गाडीत सावनेरला ती म्हातारी चढली. हातात दोरी, दोरीला तीच बकरी.

"विकली नाई का, आजी?" मी विचारलं.

"भाव पाडून मागत होते माय. मी म्हटलं, हे साधी बकरी नोहे, कॉलेजाची विद्या खाल्लेली हाय. नाई समजलं त्याइले." ती बसली. "तुहं सांग. काय झालं?"

मी सांगितलं. लोधीखेड्यापर्यंत सांगितलं. हात हलवून, आवाज काढून, सर चष्मा कसा सरकवतात ते करून दाखवून. डब्यातले लोक वळून ऐकत होते. ताई खिडकीशी बसून होती, चार संत्र्यांतलं उरलेलं एक सोलत. लोधीखेड्याला म्हातारी उतरली तेव्हा बकरीच्या तोंडाला ताईनं एक फोड लावली.

सौंसरला बाबा फलाटावर होते. सकाळी उभे होते तिथंच, घणही तसाच भिंतीला टेकलेला, जणू मधला दिवस गेलाच नव्हता. त्यांनी आधी आमच्या हातांकडं पाहिलं. झोळी रिकामी होती. आकृती नागपूरला सरांच्या कपाटात राहिली होती, पण ते त्यांना कुठं ठाऊक? त्यांचा चेहरा उतरला. ते ताईकडं वळले. "काय झालं वं, सुनंदा?"

ताईनं सोललेल्या संत्र्याची साल खाली टाकली, पदराला हात पुसला आणि माझ्याकडं बोट केलं.

"तिलेच विचारा, बाबा. आज तीच बोलून राहिली."

बाबा माझ्याकडं वळले. गाडीची शिटी झाली, डबे हलले, आणि त्या खडखडाटाच्या वरून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात, मी सांगायला सुरुवात केली.